‘चिंदी कुठनं घालता?’ : पिस्तूल दुरुस्तीचे सात आठवडे

माझं पिस्तूल जिथं दुरुस्त झालं त्या दुकानाचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आबांनी, म्हणजे तिथल्या कारागिरानं, तसं बजावलंय. “नाव लिवलंत तर उद्या दारात कोण कोण उभं राहील, त्यांना मी काय सांगू?” म्हणाले. त्यांचंही खरंच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, बाजारपेठेमागची गल्ली, डावीकडे जाळ्यांच्या दोरांचं दुकान, उजवीकडे झेरॉक्स. ज्याच्याकडे परवाना आहे आणि जो कुठल्या ना कुठल्या शूटिंग क्लबात जातो, त्याला विचारत विचारत ही गल्ली सापडेल. बाकीच्यांना ती सापडायचं काही कारण नाही.

मी मर्चंट नेव्हीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ सेकंड इंजिनिअर म्हणून. घर हर्णैच्या बाजूला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. जहाज सुटलं तेव्हा हाताला काहीतरी धातूचं लागत होतं, म्हणून पन्नाशीला शूटिंग धरलं. प्रकार स्टँडर्ड पिस्तूल : .२२ बोअर, २५ मीटर, एकूण ६० गोळ्या, पाच-पाचच्या फैरींत. पहिल्या वीस गोळ्यांना दर पाचामागे १५० सेकंद, पुढच्या वीसना २० सेकंद आणि शेवटच्या वीसना १० सेकंद. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, म्हणजे मोठ्या लिंबाएवढं. त्याच्या आतला ‘इनर टेन’ २५ मिलिमीटरचा, म्हणजे चांगल्या सुपारीएवढा. लिंबाच्या आसपास मी बऱ्यापैकी राहायचो. ६०० पैकी ५२५ ते ५३० यायचे. माझ्या वयाला आणि माझ्या सरावाला ते पुष्कळ होते.

गेल्या मोसमात ते ५०८ वर आले. फैरीतल्या चार गोळ्या जागेवर आणि पाचवी भलतीकडेच. कधी सहाच्या रिंगणात उजवीकडे, कधी सातात खाली. पाचवी गोळी सोडताना हात हलला असं मला एकदाही वाटलं नाही. पण शूटर हे असंच म्हणतो, त्यामुळे मी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. डोळे तपासले, मोतीबिंदू नाही. दुपारचा चहा बंद केला, घरात शांतता गेली, स्कोअर तोच.

पिस्तुलाचा पूर्वेतिहास असा. जर्मन बनावटीचं, जुनं, माझ्याआधी एका शूटरकडे बरीच वर्षं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेलच, दोष कंपनीचा नव्हता. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि परवान्यावरची हत्यारं जमा करायची नोटीस आली. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना त्यातून सूट मागता येते, मी अर्जाचा आळस केला आणि जमा करून मोकळा झालो. परत हातात आलं ते जूनमध्ये पाऊस लागल्यावर. मी ते दिलं होतं फोमच्या पेटीत, झाकण घट्ट लावून. फोम म्हणजे स्पंज. कोकणातला एप्रिल-मे त्यानं पोटभर पिऊन घेतला होता. पेटी उघडली तेव्हा वरून काही दिसलं नाही, फक्त बोल्टच्या (नळीमागे मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) कडेला तांबेची, म्हणजे गंजाची, एक बारीक रेघ. मी ती पुसली, तेल लावलं आणि विसरलो. जहाजावर एखाद्या ऑयलरनं असं केलं असतं तर मी त्याला सोडला नसता.

आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात दाखवलं. काउंटरवरच्या तरुणानं नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि ‘बॅरल बदलायला लागेल, बाहेरून मागवावी लागेल’ असं सांगितलं. आकडा ऐकून मी पिस्तूल परत पेटीत घातलं. त्या पैशात आमच्याकडे आंब्याची चार कलमं पाच वर्षं सांभाळून होतात.

मग आबा. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्याकडे येणारं काम बहुतेक शेतसंरक्षणाच्या बंदुकांचं. आपल्याकडे डुक्कर भात लोळवतं, वानर नारळ-आंबा ठेवत नाहीत, म्हणून वाडीत एखाद-दुसरा परवाना असतोच. एकनळी, दुनळी बारा बोअर, क्वचित कुणाच्या आजोबांची ठासणीची. चाप अडकला, स्प्रिंग गेली, दस्ता फुटला, असली दुरुस्ती. भिंतीला दुरुस्तीचा परवाना काचेत लावलेला. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ : बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, सगळ्याला परवाना लागतो. पिस्तुलं त्यांच्याकडे थोडी येतात, पण तरुणपणी बारा वर्षं मुंबईत एका बंदूक दुकानाच्या मागच्या कारखान्यात त्यांनी हेच केलंय. लेथवर पुतण्या असतो.

पहिल्या भेटीत त्यांनी पिस्तुलाला हातच लावला नाही. परवाना मागितला, फ्रेमवरचा नंबर भिंगातून वाचला, परवान्यावरच्या नंबराशी ताडला, वहीत ओळ लिहिली, माझी सही घेतली. मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं :

“चिंदी कुठनं घालता?”

चिंदी म्हणजे नळी पुसायचा फडका. मी म्हटलं, “तोंडाकडनं. गजानं.”

“गज कसला?”

“स्टीलचा. तीन तुकड्यांचा, आट्याचा.”

“मंग झालं,” म्हणाले आणि चहा सांगितला.

मी मात्र तयारी करून गेलो होतो. इंटरनेटवर अमेरिकन लोकांचे तासन्‌तास व्हिडिओ आहेत, पिस्तूल ‘अ‍ॅक्युराइझ’ कसं करावं यावर. स्लाइड (वरचा सरकता भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) घट्ट बसवा, नळीच्या तोंडाशी बुशिंग नवं घाला, खालचे लग वेल्ड करून परत घासा. मी वहीत यादीच केली होती. आबांनी ती शांतपणे ऐकली. मग समोरच्या कागदावर दोन चित्रं काढली. पहिलं कोल्ट १९११ च्या धर्तीचं, जॉन ब्राउनिंगच्या आखणीचं, जे अमेरिकन सैन्यानं १९११ सालीच घेतलं. त्यात प्रत्येक गोळीला नळी खाली झुकते, सुटते आणि पुन्हा वर येऊन अडकते. साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, बसतात स्लाइडवर. म्हणजे नळी आणि साइट्स दर वेळी एकमेकांना नव्यानं भेटतात, आणि ती भेट रोज त्याच जागी व्हावी म्हणून ती सगळी घासाघीस. दुसरं चित्र माझ्या पिस्तुलाचं. .२२ ची ताकद ती केवढी, तिला असं कुलूपच लागत नाही. नळी फ्रेमला पक्की, साइट्स फ्रेमला पक्क्या, हलतो फक्त मागचा बोल्ट. “तुमच्यात घट्ट करायला हायच काय?” म्हणाले. माझी दोन पानांची यादी एका चित्रात संपली.

मग म्हणाले, आधी मोजायचं. हात लावला आणि मग मोजलं, तर काय सुधारलं ते कुणाला कळणार? हे ऐकून मी त्या माणसावर निम्मा खूश झालो. जहाजावर पिस्टन उपसायच्या आधी इंडिकेटर कार्ड, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख, काढतात, तसं.

त्यांच्याकडे चाचणीचा एक साचा आहे. एका भंगारात निघालेल्या ट्रॉलरच्या शाफ्टचं बेअरिंग हाउसिंग, त्यावर दोन पट्ट्या, मधे कातड्याचे जबडे. पिस्तूल जबड्यात धरायचं. गोळी सुटली की ते पट्ट्यांवरून मागे सरकतं आणि ढकललं की त्याच जागी येऊन टेकतं. दुकानात गोळी झाडायची सोय नाही, कायद्यानंही नाही आणि झेरॉक्सवाल्याच्या दृष्टीनंही नाही. म्हणून एका रविवारी तो साचा, आबा, पुतण्या आणि मी कुंभार्ली घाट चढून वरच्या एका क्लबच्या २५ मीटर रेंजवर गेलो. आबा घाटात सुपारी चघळत डोळे मिटून बसले होते. हेळवाकला उतरून वडापाव खाल्ला तेवढाच त्यांचा आवाज आला.

गोळ्यांचे तीन वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा, नेले होते. माझा नेहमीचा आणि क्लबातल्या दोघा मित्रांकडचे दोन. (झाडल्या मीच, त्यांच्यासमोर, रेंजच्या वहीत नोंदवून. हे असलं काम कधीच हातउसनं करू नये.) प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या, सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर कॅलिपरनं. माझा लॉट : ६४ मिलिमीटर. दुसरा : ४७. तिसरा : ३९. म्हणजे कुणाचाही हात नसताना, लोखंडाच्या पकडीत, माझं पिस्तूल माझ्याच गोळ्यांनी लिंबाच्या बाहेर जात होतं. सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी आनंद झाला. इतके महिने मी स्वतःला दोष देत होतो. आबांनी तो आनंद फार टिकू दिला नाही. “आता तुमी हातात धरून मारा,” म्हणाले. त्याच तिसऱ्या लॉटच्या दहा गोळ्या, वेळेची घाई नाही. ९२ मिलिमीटर.

“३९ त्याचं. बाकी तुमचं,” म्हणाले आणि साचा गोणपाटात गुंडाळायला लागले.

आता दुरुस्ती. पिस्तूल पावतीवर दुकानात ठेवलं. तीन जागी दुखणं निघालं, आणि पहिलं नळीच्या तोंडाशी. इंग्रजीत ज्याला क्राउन म्हणतात ती गोळी बाहेर पडते तिथली गोल कड. आबांनी कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्या कडेवर आतून बाहेर हलकेच फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच, घड्याळात पाच वाजता काटा असतो त्या जागी. भिंगाखाली मला ती जागा दिसली : स्टीलचा गज आत-बाहेर करताना घासून घासून पडलेली बारीक खाच, आणि तिच्यात तांबेचा एक ठिपका.

याचा नेमाशी संबंध काय, ते मला कुणी समजवायला नको होतं. गोळी साधारण अडीच ग्रॅमची, सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास वेगानं निघते. नळी सोडताना तिचं बूड सगळ्यांत शेवटी सुटतं. त्या क्षणी मागचा दाबाखालचा वायू कडेवरून चारी बाजूंनी एकदम निसटला पाहिजे. एका बाजूला खाच असेल तर तिथून तो आधी निसटतो, बुडाला एका अंगानं टेकू देतो आणि गोळी किंचित कलून निघते. पंचवीस मीटरवर त्या किंचितचा चांगला मोठा फरक होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट एका जागी जळली की काय होतं हे ज्यानं रात्री तीन वाजता बंगालच्या उपसागरात पाहिलंय, त्याला हे लगेच पटतं.

आणि उपायही तोच निघाला. मला वाटलं होतं लेथवर तोंड कापतील. आबा म्हणाले, नाही. नळी आखूड करणं हा कायद्यात वेगळा विषय आहे, कलम ६, त्याला वेगळा परवाना. दोन मिलिमीटर कापले आणि उद्या कुणी मोजलं तर? त्यांनी नळीची लांबी माझ्यासमोर मोजून वहीत लिहिली. मग एक गोल डोक्याचा पितळी स्क्रू, ज्याला ते ‘बटण’ म्हणतात, हातड्रिलमध्ये धरला, डोक्याला बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि नळीच्या आत तेलाचा बोळा घट्ट बसवला, पेस्ट आत जाऊ नये म्हणून. बटण तोंडावर टेकवून हळूहळू फिरवायचं आणि फिरवताना ड्रिलचं मागचं टोक सतत गोल डोलवत ठेवायचं, म्हणजे कड सगळीकडे सारखी घासते. व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं! तीच पेस्ट, तीच घरघर, वासही तोच. मी बाजूला स्टूलवर बसून पाहत होतो आणि खरं सांगतो, तीन मिनिटं मी जहाजावर होतो. मधे दोनदा थांबून कापूस फिरवला. तिसऱ्यांदा तंतू अडकले नाहीत. पुन्हा लांबी मोजली, वहीत लिहिली. कॅलिपरला फरक दिसला नाही.

दुसरं दुखणं मला सगळ्यांत जास्त लागलं, कारण ते मी स्वतः पकडायला हवं होतं. मागच्या साइटची पाती सैल. बोटानं ढकलली तर कळत नव्हतं, आबांनी डायल गेज लावला तेव्हा काटा दहाव्या हिश्श्यानं हलला, ०.१ मिलिमीटर. केसाएवढं. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. माझ्या पिस्तुलाच्या दोन साइट्समधलं अंतर २२० मिलिमीटर. लक्ष्य २५,००० मिलिमीटरवर. भागाकार ११४ च्या जवळ. म्हणजे मागची पाती ०.१ मिलिमीटर सरकली की गोळी तिकडे ११ मिलिमीटर सरकते. पाती दोन्हीकडे डुलत असेल तर २२, म्हणजे जवळजवळ अख्खी सुपारी. आणि ती प्रत्येक झटक्याला वेगळीकडे बसणार. पिन नवी केली, स्प्रिंग नवी घातली. काम अर्ध्या तासाचं, पण ती स्प्रिंग वळायला पुतण्याला चार तारा वाया घालवाव्या लागल्या.

ट्रिगरबद्दल आमचं थोडं वाजलं. स्टँडर्ड पिस्तुलाला ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतो. स्पर्धेआधी तपासणीत नळी आकाशाकडे धरून ट्रिगरनं तेवढं वजन उचलून दाखवावं लागतं, आणि खटका सुटला तर पिस्तूल बाद. माझा भरला १२६० ग्रॅम, आणि दर वेळी वेगळा : कधी १२००, कधी १३००. आत जुनं तेल डिंकासारखं झालं होतं. साफसफाई आणि घासल्या जागी किंचित पॉलिश, एवढ्यानंच तो ११२० वर स्थिरावला. मी म्हटलं, आबा, बरोबर हजारावर आणा. ते म्हणाले, १०५०, त्याच्या खाली माझ्याकडून नाही. हजारावर ठेवलं तर वर घाटावर थंडीत एक दिवस ९९० निघेल आणि तुम्ही फी भरून घरी याल. मी म्हटलं, मग निदान खटक्याची पकड थोडी कमी करा, सुटताना खरखर लागते. त्यावर त्यांनी सरळ नाही म्हटलं. ती पकड कमी केली आणि पिस्तूल टेबलावर आपटून गोळी सुटली तर? मला राग आला होता. आता नाही.

पुतण्यानं मधेच मनू भाकरचा विषय काढला. टोकियोला, २०२१ मध्ये, १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलातच बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली, ती ५७५ वर थांबली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनंच दोन ब्राँझ आणली. पुतण्याचा मुद्दा असा की इतक्या मोठ्या पातळीवरही लोखंड दगा देतं. आबा म्हणाले, “इलेक्ट्रॉनिक ट्रिगर माझ्याकडे आणू नका बाबा कोणी.” हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बॅटरी आणि सर्किट असलेलं पिस्तूल ते उघडत नाहीत.

ग्रिपचं काम किरकोळ. अक्रोडाची ग्रिप पावसाळ्यात फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आवळते. तळहाताखाली पोकळी राहिली होती, ती भुसा आणि एपॉक्सीनं भरली. दिसायला भयंकर आहे. हाताला छान लागते.

आता तक्रारी. पंधरा दिवस सांगितलेले सात आठवडे झाले. त्यात गणपती आले हे मान्य. कोकणात गणपतीत कुणी कुणाची स्प्रिंग वळत नाही, आणि मीही त्या दिवसांत मोदकांच्याच मागे होतो. पण गौरी-गणपती गेल्यावरही तीन आठवडे फोन उचलला गेला नाही. लागला तेव्हा ‘झालंच हाय’ असं कळलं, आणि प्रत्यक्ष गेलो तर पिस्तूल अजून उघडंच होतं. दुसरी तक्रार ब्लूइंगची, म्हणजे लोखंडावरच्या काळसर रंगाची. बोल्टजवळचा तांबेचा डाग काढून त्या जागी त्यांनी जो काळा रंग चढवला तो मूळ रंगाशी जुळत नाही, वर निळसर आणि मधे चहाच्या डागासारखा एक पट्टा. विचारलं तर म्हणाले, लग्नात न्यायचंय काय? तिसरी, बिल. वहीतली नोंद आणि पावती चोख, पण पैशांचा आकडा सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. मागितल्यावर छापील बिल मिळालं. एकूण ६,८५० रुपये, गाडीचं डिझेल आणि माझा वडापाव वेगळा. शहरातल्या त्या दुकानाच्या आकड्याशी तुलना करत नाही, उगाच रक्तदाब वाढतो.

घेताना पुन्हा घाट चढलो, पुन्हा साचा, तेच तीन लॉट. माझा जुना : ३८ मिलिमीटर. दुसरा : २७. तिसरा : १९. सुपारीच्या आत! मी ते लक्ष्य घडी न घालता घरी आणलं आणि फ्रिजवर लावलं. बायकोनं दुसऱ्या दिवशी त्यावर दुधाचा हिशेब लिहिला. पण आकडे नीट पाहा. सगळी दुरुस्ती झाल्यावरही माझा लॉट तिसऱ्याच्या दुप्पट पसरतोय. .२२ च्या काडतुसांचं हे असंच आहे. कंपनी तीच, डबीचा रंग तोच, लॉट नंबर बदलला की एखाद्या नळीला मानवतो, एखादीला नाही. युरोपात मोठ्या कंपन्या आपापल्या चाचणी केंद्रात शूटरची बंदूक लावून लॉट निवडून देतात. आपण घाट चढतो. आबांचा पहिला प्रश्न होता, “त्या तिसऱ्यातल्या किती उरल्यात?” मित्राकडे फोन लावून उरलेल्या सगळ्या, परवान्यावर रीतसर नोंदवून, मीच घेतल्या.

सांभाळायचं कसं, यावर त्यांनी अर्धा तास घेतला, आणि माझ्या मते ६,८५० पैकी निम्मे त्याचेच. स्टीलचा गज त्यांनी माझ्यासमोर भंगाराच्या डब्यात टाकला. आता दोरी : मागच्या, म्हणजे ब्रीचच्या बाजूनं ओवायची आणि तोंडाकडे ओढून काढायची. चिंदी त्याच दिशेनं जाते ज्या दिशेनं गोळी जाते, आणि कडेला काहीही कडक लागत नाही. फोमची पेटी फक्त प्रवासाला. घरी पिस्तूल बाहेर काढून, तेलाच्या फडक्यात, कुलुपाच्या लोखंडी कपाटात. कपाटात पावसाळाभर १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब, रात्रंदिवस. आमच्या आईनं पुस्तकांच्या कपाटात हेच केलं होतं, मला आठवायला चाळीस वर्षं लागली. एलईडी चालत नाही, तो गरमच होत नाही. आता पिवळा बल्ब मिळवणं हेच काम झालंय, तीन दुकानं फिरून दापोलीत एका ठिकाणी धुळीखाली सहा सापडले, सगळे आणले.

आणि खोबरेल. या विषयावर आबांना बोलतं करू नका, करायचं असेल तर जेवून जा. आपल्याकडे वाडीतल्या निम्म्या बंदुकांना खोबरेल लावलेलं असतं, घरचं म्हणून, शुद्ध म्हणून. ते चोवीस अंशाखाली थिजतं. जानेवारीच्या पहाटे डुक्कर शेतात शिरतं तेव्हा चाप थिजलेला असतो. त्यांच्या टेबलावरच्या दहा दुरुस्त्यांमधल्या चार खोबरेलाच्या, असं ते म्हणतात. माझ्या ट्रिगरमधलं जुनं तेल कोणतं होतं हे त्यांनी वास घेऊन ओळखलं. खोबरेल नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यापेक्षा खोबरेल परवडलं असतं.

जायचंच असेल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका, सकाळी साडेदहाच्या आत जा, आणि परवान्याची मूळ प्रत न्या, झेरॉक्स शेजारी असली तरी ती ते मानत नाहीत. पंधरा दिवस सांगितले तर दोन महिने धरा. स्पर्धा तोंडावर असेल तर नकोच. आणि मोजून घेतल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. ते स्वतःही करत नाहीत, पण पुतण्याला घाई असते.

या मोसमातला पहिला सामना गेल्या महिन्यात झाला. १५० सेकंदांच्या फैरी मस्त गेल्या, २० च्याही बऱ्या, १० सेकंदांत नेहमीसारखी धांदल. भलतीकडे गेलेल्या गोळ्या या वेळी पाच होत्या, आणि पाचही सुटतानाच मला कळलं होतं की माझ्या हातून गेल्या. एकूण ५२७. गाडीत बसल्या बसल्या आबांना फोन लावला. उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला. मी म्हटलं, आबा, पाचशे सत्तावीस!

“आणि त्र्याहत्तर कुठं गेले?” म्हणाले.